ओढ्याकाठी, गुरुवारी

टायरच्या दुकानाचं शटर सहाला पडतं,
सव्वासहाला वेंडेलची पिकअप पुलाखाली.
मागे बंद पडलेल्या मोटेलची गादी,
तिच्यावर अजून बारा नंबरच्या खोलीचा शिक्का,
आणि गादीवर मर्टल, म्हातारी कुत्री,
जिला वाटतं हे सगळं तिच्या झोपेसाठी चाललंय.

डॅग्नी दातांच्या दवाखान्यातून थेट येते.
खडूची पूड चोळली तरी
तिच्या बोटांचा लवंगतेलाचा वास जात नाही.
धोंड्याच्या डाव्या कडेला तिनंच नाव दिलं : दाढदुखी.
चढताना काही वाटत नाही.
रात्री कळतं.

मी शाळेची बस चालवते. वय एक्कावन्न.
बूट भाच्याचे, त्याला लहान झालेले, मला अजून मोठेच.
पंधरा वर्षांत इथले सगळे धोंडे चढून झाले
असं म्हणता येणार नाही.
चार झाले.

नाव कमावणारे लोक पुढे जातात,
दोन तास गाडी हाकून, दोर, हेल्मेट, मोठ्या भिंती.
आमचा ग्रॅनाइट जेमतेम दोन माणसं उंच,
पिझ्झाच्या दुकानापासून सात मिनिटं.
वर पोचलं की दिसतो धान्याचा सायलो
आणि हायवेवरचा एक दिवा, जो दिवसाही चालू असतो.
हिमनदीनं हे इथवर वाहून आणले म्हणतात.
मग तीच वितळून गेली, हे राहिले.

या एप्रिलात ओढा फुगला.
तीन रात्री तळातले गोटे एकमेकांवर घासत होते,
अंथरुणात ऐकू यायचं,
कुणी झोपेत दात खावेत तसं.
पाणी उतरल्यावर गेलो तर
दाढदुखीखालची वाळू, खडी, आमची बसायची जागा, सगळं गायब.
जमीन हातभर खाली.
डॅग्नी वाकून म्हणाली, हिरडी उतरलीये.
वेंडेल हसला, मग हसला नाही.
पहिली खाच, जिथे मी उभ्यानं बोटं अडकवायचे,
आता माझ्या हातात येत नव्हती.
आणि तिच्याखाली नवा पट्टा,
फिकट, ओला, कुणाचाही हात न लागलेला.
इतकी वर्षं आम्ही त्याच्यावर उभे होतो.

जूनी केसलर त्या दिवशी काठानं येत होती,
पाण्यात दगड भिरकावत.
माझ्या बसच्या शेवटच्या बाकावर बसते,
तीन वर्षांत माझ्याशी एक शब्द नाही.
थांबली. कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही.
तिनं चपला काढल्या,
त्या फिकट पट्ट्याशी खाली बसली
आणि हात आत घालून चाचपडत राहिली,
सोफ्याच्या फटीत पडलेलं नाणं शोधावं तसं.
इथे काहीतरी आहे, ती म्हणाली.
होतं.
खालून उलटी धरायची एक कपार, गार,
आत थोडी वाळू.

ती सुटली, मी तिच्या पाठीमागे हात धरले होते,
दोघी मर्टलवर. कुत्री उठून पाण्यापाशी गेली.
तिथे एक करडा पक्षी ओल्या दगडावर
उगाच उठाबशा काढत होता.
पुन्हा. पुन्हा. सातव्यांदा की आठव्यांदा
जूनीचं बोट जुन्या खाचेत पोचलं,
आमच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या,
आणि तिथून पुढे काय करायचं तिला ठाऊकच नव्हतं,
तर आम्ही तिघं एकदम ओरडायला लागलो,
डावा पाय, नाही, डावा, अगं तुझा डावा!

मग माझी पाळी.
आयुष्यात बऱ्याच ठिकाणी हात टेकले,
इथे हात टेकल्यावर सुरुवात होते.
मी बुडाइतकी वर उठले. फार तर दोन पावलं.
वेंडेल म्हणाला, मोजलं बरं का.
त्याला मोजता येतं कुठे.

शुक्रवारी सकाळी स्टिअरिंग आगीसारखं लागत होतं.
जूनी चढली, काही न बोलता मागे गेली.
पहिल्या वळणावर आरशात पाहिलं :
शेवटच्या बाकावरून एक उघडा तळवा,
मधल्या बोटाची साल निघालेली,
माझ्याकडे धरलेला.
मी इंडिकेटर द्यायचा विसरले.